विषारी बीपासून स्मृतिभ्रंशाच्या गोळीपर्यंत : डॉ. रॉबर्ट क्रिस्टिसन यांची जीवनकथा

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले की घरची मंडळी डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या गोळ्या चालू ठेवूच, पण सोबत ब्राह्मी, शंखपुष्पी किंवा अश्वगंधा दिली तर चालेल का? वनस्पतीच तर आहे, तिने काय अपाय होणार?

प्रश्न मनापासून विचारलेला असतो. आई किंवा वडील रोज थोडे थोडे हरवत चाललेले असताना कोणालाही हातावर हात ठेवून बसवत नाही. पण या प्रश्नात दोन समजुती लपलेल्या असतात. वनस्पतीपासून मिळते ते सौम्यच असते, ही पहिली. पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे म्हणजे ते तपासलेलेच आहे, ही दुसरी.

या दोन्ही समजुती तपासून पाहायच्या असतील तर एका स्कॉटिश डॉक्टरचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे आहे. अल्झायमरच्या रुग्णांना आज जे रिव्हास्टिग्मिन नावाचे औषध दिले जाते, त्याचे मूळ आफ्रिकेतल्या एका वेलीच्या बीमध्ये आहे. त्या बीचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांपैकी प्रमुख नाव म्हणजे डॉ. रॉबर्ट क्रिस्टिसन. त्यांनी ती बी स्वतः खाल्ली आणि त्यात त्यांचा जीव जाता जाता वाचला.

जडणघडण

रॉबर्ट क्रिस्टिसन यांचा जन्म १८ जुलै १७९७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. ते जुळ्यांपैकी एक. वडील एडिंबरो विद्यापीठात लॅटिनचे प्राध्यापक होते. मुलाने मात्र वैद्यकाची वाट धरली. १८१९ मध्ये त्यांनी एडिंबरोहून डॉक्टरची पदवी घेतली, त्यानंतर काही काळ लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये शिक्षण घेतले.

पॅरिसमध्ये त्यांनी रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांच्याकडे पदार्थांचे पृथक्करण शिकून घेतले. विषशास्त्राचा पाया घालणारे ऑर्फिला त्या वेळी पॅरिसमध्येच होते. त्यांच्या कामाचा क्रिस्टिसन यांच्यावर खोल ठसा उमटला. एखाद्या पदार्थात नेमके काय आहे, किती आहे आणि ते शरीरात कुठे जाऊन काय करते, हे प्रयोगाने दाखवता आले पाहिजे, ही शिस्त त्यांना तिथे मिळाली. पुढे आयुष्यभर त्यांनी ती सोडली नाही.

१८२२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते एडिंबरो विद्यापीठात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक झाले. खून, विषप्रयोग किंवा संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत न्यायालयाला मदत करणारे हे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते.

विष ओळखणारा डॉक्टर

त्या काळी घरोघरी जुलाबासाठी एप्सम सॉल्ट घेत असत. दिसायला अगदी तसेच असणारे ऑक्झॅलिक आम्ल चुकून पोटात गेल्याने लोक दगावत. क्रिस्टिसन यांनी १८२३ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्राण्यांवर प्रयोग करून या आम्लाची विषबाधा कशी होते, हे मांडले. दोन पांढऱ्या पुड्या डोळ्यांना सारख्या दिसतात म्हणून त्या एक नसतात, हा त्या कामाचा साधा अर्थ होता. औषधी वनस्पतींच्या बाबतीतही हाच मुद्दा पुढे आपल्याला भेटणार आहे.

१८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी केलेल्या खुनांनी खळबळ उडाली. शरीररचनेच्या वर्गाला मृतदेह विकण्यासाठी ते माणसे मारत होते. शेवटच्या बळीच्या अंगावरचे वळ जिवंतपणीचे की मृत्यूनंतरचे, हा प्रश्न क्रिस्टिसन यांच्यापुढे आला. त्यांनी अंदाजाने उत्तर दिले नाही. मृत्यूनंतर मार बसला तर कशा खुणा उमटतात, हे त्यांनी प्रयोग करून पाहिले आणि मगच न्यायालयात साक्ष दिली.

१८२९ मध्ये त्यांचा विषांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. सोमल, म्हणजे आर्सेनिक, जिभेला झोंबते असे तेव्हाच्या पुस्तकांत लिहिलेले असे. क्रिस्टिसन यांनी ते स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिले आणि ते जवळजवळ बेचव असते, असे सांगितले. जेवणातून सोमल दिले तर माणसाला कळत का नाही, याचे उत्तर त्यात होते. पुस्तकात आहे म्हणून खरे मानायचे नाही, हा त्यांचा स्वभाव इथे दिसतो. तसाच स्वतःच्या जिवाबाबतचा थोडा बेफिकीरपणाही दिसतो.

१८३२ मध्ये ते औषधीद्रव्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८७७ पर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, त्या पदावर राहिले. मूत्रपिंडाच्या आजारावर त्यांनी १८३९ मध्ये एक महत्त्वाचे पुस्तक लिहिले. १८४८ पासून ते स्कॉटलंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर होते. पण आपल्या विषयाशी संबंधित घटना घडली ती १८५५ मध्ये.

कॅलाबारची बी

आजच्या नायजेरियाच्या आग्नेय टोकाला कॅलाबार नावाचे बंदर आहे. तिथे एफिक लोक राहतात. त्यांच्या भागात नदीकाठी एक वेल वाढते. तिच्या शेंगेत गडद तपकिरी रंगाची, बोटाच्या पेराएवढी बी असते. एफिक भाषेत तिला एसेरे म्हणत.

ही बी औषध म्हणून नव्हे, तर दिव्य करण्यासाठी वापरली जात असे. एखाद्यावर चेटूक केल्याचा आरोप झाला की त्याला ही बी खायला देत. उलटी होऊन माणूस जगला तर तो निर्दोष, मेला तर दोषी. आपण निर्दोष आहोत अशी खात्री असलेला माणूस बी झटकन गिळतो, त्यामुळे पोट ढवळून उलटी होते आणि विष बाहेर पडते. मनात भीती असलेला माणूस हळूहळू घेतो, उलटी होत नाही आणि विष अंगात भिनते, असे एक स्पष्टीकरण पुढे दिले गेले. ते किती खरे हे बाजूला ठेवू. एवढे मात्र नक्की की या बीमध्ये माणूस मारण्याची ताकद आहे, हे एफिक लोकांना पुरते ठाऊक होते.

१८४६ मध्ये स्कॉटलंडचे मिशनरी कॅलाबारला पोहोचले. त्यांच्यामार्फत काही बिया एडिंबरोला आल्या आणि क्रिस्टिसन यांच्या हाती पडल्या. त्यांनी त्या रुजवून वेल वाढवायचा प्रयत्न केला आणि प्राण्यांवर प्रयोग केले. बीच्या अर्काने प्राणी लवकर मरत. त्यांचे स्नायू लुळे पडत आणि हृदय थांबे. पण माणसात सुरुवातीची लक्षणे काय असतात, हे प्राण्यांवरून कळेना.

स्वतःवर केलेला प्रयोग

क्रिस्टिसन तेव्हा ५७ वर्षांचे होते. एका रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी एका बीचा आठवा भाग खाल्ला. फारसे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, त्यांनी मात्रा दुप्पट करून पाव बी चावून खाल्ली. वजन जेमतेम पाऊण ग्रॅम.

काही मिनिटांतच त्यांना गरगरू लागले. आता हे अंगाशी येणार, हे लक्षात येताच त्यांनी समोर होते ते दाढीचे साबणाचे पाणी पिऊन टाकले आणि उलटी काढली. तरीही परिणाम वाढतच गेला. हातपाय गळून गेले, चेहरा पांढराफटक पडला, नाडी क्षीण आणि अनियमित झाली. त्यांना अंथरुणावर झोपवून डॉक्टर मित्रांना बोलावणे धाडले गेले. शुद्ध मात्र पूर्ण होती. शरीर साथ सोडत असताना विचार स्वच्छ चालू होते आणि ते आपल्याच लक्षणांची नोंद मनात करत होते. काही तासांनी उतार पडला आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले.

१८५५ मध्येच त्यांनी हे निरीक्षण एडिंबरोतील रॉयल सोसायटीपुढे मांडले. आज हिशेब केला तर त्यांच्या पोटात गेलेल्या मूळ द्रव्याची मात्रा साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास भरते. रव्याच्या एका कणाएवढे हे द्रव्य एका धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवू शकले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. असा प्रयोग आज कोणी करू नये आणि कोणतीही नैतिक समिती त्याला परवानगी देणार नाही. क्रिस्टिसन वाचले ते मात्रा कमी होती आणि वेळेवर उलटी झाली म्हणून. विषबाधा झालेल्या माणसाला घरी साबणाचे पाणी पाजणेही धोक्याचे आहे. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

शिष्यांनी पुढे नेलेले काम

क्रिस्टिसन यांनी दार उघडले, आत शिरले ते त्यांचे विद्यार्थी. टॉमस फ्रेझर यांनी १८६२ मध्ये आपला प्रबंध याच बीवर लिहिला. बीचा परिणाम हृदयावर, स्नायूंवर आणि डोळ्याच्या बाहुलीवर कसा होतो, हे त्यांनी पद्धतशीर तपासले. पुढे १८७७ मध्ये गुरूंच्याच जागी ते प्राध्यापक झाले.

एडिंबरोतीलच नेत्रतज्ज्ञ आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६३ मध्ये दाखवले की या बीच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते. ॲट्रोपिनने नेमके उलटे होते, बाहुली मोठी होते. आपल्याकडच्या धोतऱ्यात ॲट्रोपिनच्याच कुळातली द्रव्ये असतात. एक द्रव्य दुसऱ्याचा उतारा ठरू शकते, हे हळूहळू स्पष्ट झाले. १८६४ मध्ये प्राग येथे ॲट्रोपिनची विषबाधा झालेल्या माणसावर कॅलाबारच्या बीचा अर्क वापरला गेला.

त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ योब्स्ट आणि हेसे यांनी बीमधले शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याला फायसोस्टिग्मिन हे नाव मिळाले. ही पायरी फार महत्त्वाची आहे. एका बीत द्रव्य जास्त, दुसऱ्या बीत कमी असते. बी कधी तोडली, कशी साठवली यानेही फरक पडतो. शुद्ध द्रव्य हाती आल्यावरच मात्रा मोजून देता येऊ लागली. १८७० च्या दशकात डोळ्यांतला दाब वाढण्याच्या काचबिंदू या आजारावर त्याचे थेंब वापरात आले. दिव्यासाठीचे विष आता डोळ्यांचे औषध झाले होते.

कोकाची पाने : त्याच माणसाची दुसरी बाजू

क्रिस्टिसन यांच्या आयुष्यातली पुढची घटनाही आपल्याला शिकवणारी आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात थकवा घालवण्यासाठी कोकाची पाने चघळण्याची जुनी परंपरा आहे. १८७० च्या दशकात क्रिस्टिसन यांनी ती तपासायचे ठरवले. आधी विद्यार्थ्यांवर आणि नंतर स्वतःवर.

१८७५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, ते एक दिवस कोका न घेता सुमारे १५ मैल चालले. घरी आले ते थकून. काही दिवसांनी पाने चघळत ते जवळपास तेवढेच चालले आणि ताजेतवाने परतले. त्याच वर्षी त्यांनी बेन व्होर्लिक हा सुमारे ९८५ मीटर उंचीचा डोंगर चढला आणि शिखरावर कोका चघळून उतरताना थकवा जाणवला नाही, असे नोंदवले. १८७६ मध्ये त्यांनी हे सगळे उत्साहाने प्रसिद्ध केले. या पानांचा काही वाईट परिणाम होत नाही, असेच त्यांना वाटले.

पानांत कोकेन असते. कोकेनचे व्यसन माणसाची काय दशा करते, हे पुढच्या काही वर्षांत जगाने पाहिले.

एवढा शिस्तीचा शास्त्रज्ञ इथे कुठे कमी पडला? त्यांनी तुलना केली होती, हे खरे. पण आपण आज पाने घेतली आहेत की नाही, हे त्यांना माहीत होते. अपेक्षा मनात असली की थकवा कमी जाणवतो. शिवाय प्रयोग मोजक्या माणसांवर आणि मोजक्या दिवसांचा होता. महिनोन्‌महिने घेतल्यावर काय होते, हे त्यात दिसणारच नव्हते. बीचा परिणाम इतका प्रचंड होता की तो एकाच माणसात दिसला. थकवा किंवा स्मरणशक्तीसारख्या, रोज कमीजास्त होणाऱ्या गोष्टींसाठी मात्र एकाचा अनुभव पुरत नाही, मग तो एक माणूस कितीही मोठा असो.

शेवटची वर्षे

क्रिस्टिसन यांना मानसन्मान भरपूर मिळाले. १८७१ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. पण त्यांच्या आयुष्यावर एक डागही आहे. १८६९ पासून सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडत होत्या. त्यांना विरोध करणाऱ्यांत क्रिस्टिसन आघाडीवर होते. पुढे जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा निघाली. आपल्या डॉ. रखमाबाई याच शाळेत शिकल्या. प्रयोगात पुराव्याचा आग्रह धरणारा माणूस या बाबतीत मात्र पूर्वग्रहाच्या पलीकडे पाहू शकला नाही.

२७ जानेवारी १८८२ रोजी, ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अल्झायमर हा आजार वैद्यकाला तेव्हा ठाऊकही नव्हता. आपण खाल्लेल्या बीचा संबंध एक दिवस विसरण्याच्या आजाराशी जोडला जाईल, याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते.

बीपासून गोळीपर्यंत

फायसोस्टिग्मिन शरीरात नेमके काय करते, हे विसाव्या शतकात उलगडले. आपल्या नसा ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या मदतीने निरोप देतात. निरोप पोहोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन लगेच मोडून टाकते. फायसोस्टिग्मिन या विकराला रोखते. त्यामुळे ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकते. १९२६ मध्ये ऑटो लोवी यांच्या प्रयोगशाळेत हे दिसून आले. त्याच्या आदल्याच वर्षी एडिंबरोमध्ये या द्रव्याची रासायनिक रचना निश्चित झाली होती. १९३४ मध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनिया या आजारात त्याचा उपयोग दाखवला. १९३५ मध्ये अमेरिकेत पर्सी ज्युलियन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आता त्यासाठी वेलीची गरज उरली नाही.

१९७० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली. स्मरणशक्तीशी संबंधित भागांत ॲसिटिलकोलिनशी निगडित यंत्रणा खूप घटलेली आढळली. मग साहजिकच फायसोस्टिग्मिन वापरून पाहण्यात आले. अडचण अशी की त्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो आणि मळमळ, उलट्या, नाडी मंदावणे असे त्रास होतात. क्रिस्टिसन यांना १८५५ मध्ये झाले होते, त्यातलेच हे त्रास.

जेरुसलेममध्ये प्रा. मार्टा वाइनस्टॉक यांनी मूळ द्रव्याच्या रचनेत बदल करून जास्त वेळ टिकणारे रिव्हास्टिग्मिन तयार केले. शेकडो रुग्णांना औषध आणि शेकडो रुग्णांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देऊन त्याची चाचणी झाली. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. २००७ मध्ये त्वचेवर लावायचा पॅच आला. क्रिस्टिसन यांच्या प्रयोगापासून पहिल्या मान्यतेपर्यंत १४२ वर्षे गेली.

एवढ्या प्रवासानंतरही हे औषध चमत्कार करत नाही. ते आजार बरा करत नाही आणि थांबवतही नाही. काही रुग्णांत लक्ष, बोलणे आणि रोजची कामे काही काळ थोडी बरी राहतात. एवढाच दावा आहे, पण तो तपासलेला आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कॅलाबारमध्ये ही बी स्मरणशक्तीसाठी कोणीही वापरत नव्हते. परंपरेने सांगितले ते एवढेच, की या बीमध्ये दम आहे. तो दम कोणत्या आजारात, किती मात्रेत कामी येईल, हे तपासणीने सांगितले.

ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गिंको आज कुठे आहेत?

ब्राह्मी : या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक पाणथळ जागी वाढणारी नीरब्राह्मी आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. महाराष्ट्रात अनेकदा दुसरीलाच ब्राह्मी म्हणतात. त्यामुळे एकीवर झालेला अभ्यास दुसरीला लागू होत नाही. नीरब्राह्मीवर माणसांत झालेले अभ्यास बहुतांशी लहान, काही आठवड्यांचे आणि स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांवरचे आहेत. काहींत शिकण्या-आठवण्याच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. पण अल्झायमरच्या रुग्णांत ती उपयोगी पडते, हे मोठ्या चाचणीने सिद्ध झालेले नाही.

शंखपुष्पी : इथेही एका नावाखाली एकाहून जास्त वनस्पती विकल्या जातात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध केली. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांनी सोबत शंखपुष्पीचे सिरप घेतले आणि त्यांना पुन्हा फिट येऊ लागल्या. या सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातली पातळी घटते, असे उंदरांवरील प्रयोगात दिसले. बुद्धिवर्धक म्हणून घेतलेले सिरप असे महागात पडू शकते.

गिंको : चीनमध्ये जुन्या काळापासून ओळखल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या पानांचा अर्क जगभर स्मरणशक्तीसाठी विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षे आणि त्यापुढील ३,०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षे त्याची चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला. गिंको घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर गिंकोमुळे रक्तस्रावाची शंका राहते.

अश्वगंधा : हिच्यामुळे सुस्ती येऊ शकते आणि थायरॉइडच्या पातळीत बदल होऊ शकतो. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

भेसळ आणि जड धातू : अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली असता १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल सापडले. हा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिसे आणि पारा मेंदूलाच अपाय करतात.

याचा अर्थ आपल्या वनस्पती निरुपयोगी आहेत असा नाही. उद्या यांतल्या एखादीतून चांगले औषध निघूही शकेल. युरोपात उगवणाऱ्या स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कुळातून गॅलँटामिन हे अल्झायमरचे दुसरे औषध असेच मिळाले. फक्त कॅलाबारच्या बीने जी वाट पार केली, म्हणजे नेमकी ओळख, शुद्ध द्रव्य, ठरलेली मात्रा आणि मोठी चाचणी, ती ब्राह्मी आणि शंखपुष्पीची अजून पूर्ण व्हायची आहे.

घरच्यांनी काय करावे?

• विसरण्याचे कारण आधी शोधा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार किंवा नैराश्य यांमुळेही विसरायला होते आणि यांवर उपचार आहेत. परस्पर काढे सुरू केले तर हे निदान लांबते.

• रुग्ण घेत असलेले सगळे डॉक्टरांना दाखवा. चूर्ण, आसव, सिरप, तेल, गावाकडून आणलेली मुळी, सगळे. शक्यतो बाटली किंवा पुडीच घेऊन या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. ही माहिती मिळाली नाही तर डॉक्टर चुकीचा निर्णय घेऊ शकतात.

• आधीच एखादी गोळी विस्मरण वाढवत नाही ना, हे विचारा. ॲलर्जी, झोप किंवा लघवीच्या तक्रारींवरची काही औषधे ॲट्रोपिनसारखी काम करतात आणि रिव्हास्टिग्मिनच्या बरोबर उलट परिणाम घडवतात.

• नवा पॅच लावण्यापूर्वी जुना काढलाच पाहिजे. दोन-तीन पॅच अंगावर राहिले तर मात्रा धोकादायक होते.

• रिव्हास्टिग्मिन तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिले तर पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते.

• सतत उलट्या, वजन घटणे, चक्कर येऊन पडणे किंवा नाडी मंदावणे, यांपैकी काही दिसले तर लगेच डॉक्टरांशी बोला.

• आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची कल्पना द्या.

क्रिस्टिसन यांनी पाव बी खाल्ली तेव्हा त्यांना सावध करणारे कोणी नव्हते. आपल्या घरातल्या ज्येष्ठ माणसाला चमचाभर चूर्ण देण्यापूर्वी विचारायला आपल्याकडे डॉक्टर आहेत. त्यांना जरूर विचारा.